वर्ष सरेपर्यंत वाचायला शिकवू नका

पहिलीच्या वर्गाचे पालक मी आजवर पुष्कळ पाहिले. माझं पोरगं अजून वाचत कसं नाही म्हणून भांडायला येणारे पाहिले. शेजारणीचं पोर इंग्रजी कविता म्हणतं म्हणून आमच्या शाळेवर रुसून शिक्रापूरच्या इंग्रजी शाळेत नाव घालणारेही पाहिले. आमच्या वस्तीवरचा भारत टेम्पोवाला तर आपल्या तीन वर्षांच्या आयुषला टेम्पोत पुढं बसवून रस्त्यानं दुकानांच्या पाट्या वाचायला लावतो. पोरगं पाठ झालेलं म्हणतं आणि बापाची छाती फुगते. मी एकदा त्याला विचारलं, "अरे, त्याला स्वतःचं नाक पुसता येतं का?" तर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. पण माझ्या नातीला वाचायला शिकवू नका, असं सांगायला शाळेत आलेलं माणूस मी एकच पाहिलं. त्या धुरपदाबाई बनकर.

आमची शाळा कवठे येमाईच्या शिवारात, गावापासून आत, वस्तीवर आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पुढं एक कडुनिंब. धुरपदाबाई आल्या त्याच जूनमध्ये मी दौंड तालुक्यातून बदली होऊन आले होते आणि शिरूरमध्ये खोली घेऊन राहत होते. शाळेचा पहिला दिवस म्हणजे फुगे, गुलाबाचं फूल, गोड शिरा आणि रडारड. सगळं आवरलं, पोरं पांगली, तरी एक बाई व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. काटक बांधा, डोक्यावर पदर, आणि हाताची बोटं झेंडूच्या फुलांनी पिवळी पडलेली. ती पिवळाई धुऊन जात नाही हे मला पुढं कळलं. बनकरांच्या घरात फुलांची शेती, आणि धुरपदाबाईंची बोटं बारा महिने तशीच.

"बाई, एक काम हाय," त्या म्हणाल्या. "समृद्धीला खेळू द्या, गानी शिकवा, आकडं शिकवा. वाचाया तेवढं शिकवू नका."

मला राग यायला वेळ लागत नाही. मुलीच्या जातीला कशाला वाचायला, असलं काही असणार असं मी धरून चालले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. धुरपदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "शिकवा की. म्या कुठं न्हाई म्हनते? वर्ष सरू द्या, मंग समदं शिकवा. वर्ष सरेपतूर नगं."

"कसलं वर्ष?"

"तिच्या आईचं."

मग त्या पायरीवर बसल्या आणि मीही खाली बसले.

धुरपदाबाईंचे मालक हौशीराम फार लवकर गेले. मुलगा ईश्वर तेव्हा दहावीत होता. त्याला त्यांनी फुलांवर शिकवलं, तो कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत लागला, शिफ्टमध्ये जायला-यायला लागला. मग खुटबावची सून आणली, प्राची. बारावी झालेली. धुरपदाबाईंना अक्षर येत नाही, सही म्हणून अंगठा. त्यामुळं घरातलं सगळं वाचणं प्राचीकडं आलं. बियाण्याच्या पाकिटावरचं ती वाचायची, विजेचं बिल वाचायची, सकाळी मोबाईलवर पुण्याच्या गुलटेकडी बाजारातला फुलांचा भाव वाचून सांगायची. सासू-सुनेचं पटायचं का, असं मी विचारलं तर धुरपदाबाई म्हणाल्या, "भांडायचो की. पन ती गेल्यापासनं माजं वाचनं बंद झालंय बगा. डोळं हायेत आन् दिसत न्हाई, तसं झालंय."

आदल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत, फुलांना भाव असताना, प्राचीला ताप भरला. उतरेना. सकाळी सकाळी दवाखान्याची पांढरी गाडी दारात आली. समृद्धी तेव्हा अंगणवाडीत जायची. गाडीत चढताना प्राची तिला म्हणाली, "बरी होऊन येते, तोवर आज्जीला त्रास द्यायचा न्हाई." आणि ती पुण्यात दवाखान्यातच गेली. समृद्धीला आधीच आजोळी खुटबावला नेऊन ठेवलं होतं. लहान पोरांना असल्या वेळी नातेवाइकांकडं पाठवायची आपल्याकडं रीतच आहे. मढं पोरांनी बघायचं नाही, रडणं ऐकायचं नाही. सगळे दिवस आटोपल्यावर ईश्वर तिला मोटारसायकलवर घेऊन आला.

वस्तीच्या फाट्यावर तेव्हा फ्लेक्स उभा होता. ईश्वरच्या मित्रांनी लावलेला. आमच्या भागात वाढदिवसाचा आणि मरणाचा फ्लेक्स एकाच माणसाकडं छापतात, एकाच मापाचा, फोटोभोवती तीच फुलांची महिरप. त्या आठवड्यात फाट्यावर दोन पुढाऱ्यांचे वाढदिवस होऊन गेले होते. समृद्धीनं लांबूनच फोटो ओळखला आणि गाडीवर उभी राहायला लागली. ईश्वरनं गाडी थांबवली, पण त्याला तोंडातून शब्द काढता येईना. धुरपदाबाई नातीला घ्यायला फाट्यावर आलेल्या होत्या. पोरगी धावत आली आणि म्हणाली, "आज्जी, मम्मीचा वाढदिवस हाय?"

धुरपदाबाई म्हणाल्या, "व्हय."

"तेवढाच शबुद बोलले बाई," त्या मला म्हणाल्या. "तिच्या तोंडाकडं बगून न्हाई म्हनवंना."

त्या एका शब्दावर मग पुढचं सगळं उभं राहिलं. मम्मी पुण्याला दवाखान्यात आहे, बरी होतेय, तिचा वाढदिवस झाला. धुरपदाबाईंच्या मनात यामागं आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितली, जणू आतल्या खोलीत कुणी झोपलेलं आहे.

"माणूस वर्षभर घरातच असतंय. वर्षश्राद्ध झालं का मंग वाटंला लागतंय. आन् लेकरू रडाय लागलं तर आईचा पाय निगंल का? ती अडकून बसंल. म्हनून वर्षाच्या आत पोरीनं रडायचं न्हाई. वर्ष झालं का मीच सांगनार हाय तिला, दुसऱ्या कुनी न्हाई."

मी विज्ञानाचा तास घेणारी बाई. पण पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मला ते खोटं म्हणवेना. तिथं ऊन होतं, कडुनिंबावर कावळे होते, आणि तरी त्या बोलत असताना मी एकदा मागं वळून पाहिलं.

घरात कुणी रडायचं नाही, असा त्यांनी नियमच केला होता. स्वतःला रडायचं असलं तर उसात जावं, तर बिबट्याची भीती. म्हणून त्या शेवंतीच्या वाफ्यात जाऊन बसायच्या. शेवंतीत माणूस लपत नाही, त्यामुळं वाकून तण काढल्यासारखं करायच्या. वस्तीवरच्या बायका लांबून बघायच्या आणि तण नसलेल्या वाफ्यात धुरपदा काय काढतेय हे सगळ्यांना कळायचं.

आणि अक्षरांची त्यांना भीती बसली होती. तुम्हा-आम्हाला कागद दिसला की त्यात काय आहे ते कळतं. त्यांना प्रत्येक कागदात सून मेल्याचं लिहिलेलं असेल असं वाटायचं. "तुमच्यावानी वाचनाऱ्याला कळतं, कुठं बगायचं न्हाई ते. मला समदीच अक्षरं सारकी." म्हणून त्यांनी घरातलं कॅलेंडर काढलं. देव्हाऱ्याजवळची पंचांगाची वही काढली. भांड्यांवर नावं घातलेली असतात, प्राचीच्या लग्नातल्या ताटवाट्यांवर तिचं नाव होतं, ती सगळी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. शेजाऱ्यांनी दिलेला एक तांब्या कुणाच्या तरी स्मरणार्थ वाटलेला होता, तो तर विहिरीत टाकला. मी पुढं एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी पहिल्यांदाच अशा घरात बसलेय जिथं एकही अक्षर नाही. साबणाच्या वडीचासुद्धा कागद काढून टाकलेला.

फक्त एक गोष्ट त्यांना घराबाहेर काढता आली नव्हती, तो फ्लेक्स. फाट्यावर दुसऱ्या कुणाचा फ्लेक्स लागायचा होता म्हणून भारतनं तो उतरवला आणि नेहमीप्रमाणं कांद्याच्या ढिगावर टाकायला निघाला. सगळे तसंच करतात, फ्लेक्सच्या कापडातून पाणी झिरपत नाही. धुरपदाबाई धावत गेल्या आणि म्हणाल्या, "माज्या सुनंच्या तोंडावर पानी पडाय नगं." जाळून टाकायच्या विचारानं घरी आणला, तर समृद्धीनं पाहिला आणि मम्मीचा वाढदिवसाचा बोर्ड मला पाहिजे म्हणून हट्ट धरला. रडली असती. तेव्हा धुरपदाबाईंनी भारतलाच विचारलं, यात मेल्याचं कुठं लिहिलंय? त्यानं वरच्या पट्टीवर हात ठेवला. भावपूर्ण श्रद्धांजली आणि तारीख, सगळं वर. खाली नुसती नावं आहेत, म्हणाला. धुरपदाबाईंनी विळ्यानं वरची पट्टी कापली आणि चुलीत घातली. उरलेला फ्लेक्स फुलं निवडायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लांबच्या भिंतीला दोरीनं बांधला.

तेव्हापासून समृद्धी सकाळी उठली की शेडमध्ये जायची आणि फोटोला काय काय सांगून यायची. माणसाच्या दुप्पट मोठा चेहरा, हसरा, वारा आला की गाल आत-बाहेर व्हायचे. फुलं निवडायला येणाऱ्या बायकांनी आपल्या जागा बदलून घेतल्या, फ्लेक्सकडं पाठ होईल अशा. ईश्वर तर शेडमध्ये जायचाच बंद झाला. एकट्या धुरपदाबाई समोर तोंड करून बसायच्या. "प्राची मला इचारती," त्या मला म्हणाल्या, "आत्त्या, किती दिस? मी म्हनते, थोडं ऱ्हायलं बाय."

आणि फोन. तेही धुरपदाबाईंनीच सांगितलं. हर्षदा, प्राचीची धाकटी बहीण, खुटबावलाच असते. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की आईबापसुद्धा फोनवर फसायचे. समृद्धीनं मम्मीशी बोलायचं म्हणून जेवण सोडलं, तेव्हा ईश्वरनं मेहुणीला गळ घातली. हर्षदा बोलली. "कशी हाय माझी सोनी? आज्जीचं ऐकती ना?" पोरगी जेवली. पुन्हा एकदा बोलली, पोरीच्या वाढदिवसाला. तिसऱ्यांदा ईश्वरनं फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "दाजी, मला सांगू नका आता. मी बोलायला लागले की मला वाटतं मी बोलतच न्हाई, ताईच बोलती." त्यानंतर तिनं ईश्वरचा फोन उचलणंच सोडलं. आपल्या घरातसुद्धा ती फार बोलेनाशी झाली आहे, असं तिची आई सांगत होती.

फोन बंद झाले तसा समृद्धीनं नवीन हट्ट धरला. फोन लागत नाही तर मेसेज करायचा. मम्मीला मेसेज लिहायचा आणि मम्मीचा आलेला वाचायचा. त्यासाठी तिला शाळा हवी होती. मुलांनी कधी वाचायला शिकावं यावर मी खूप प्रशिक्षणं केली आहेत, चहा-बिस्किटं खाल्ली आहेत. कुणी म्हणतं पाचव्या वर्षी, कुणी म्हणतं सातव्या. माझा अनुभव इतकाच, की लिहिलेल्यात आपलं काहीतरी आहे असं पोराला वाटलं की ते वाचतं, मग कितीही वर्षांचं असो. समृद्धीइतकी वाचायला आतुर झालेली पोर मला आजवर भेटली नव्हती, आणि नेमकं तिलाच शिकवू नका म्हणून सांगायला तिची आजी आली होती.

"आजी, असं नाही करता यायचं," मी म्हणाले. "वर्गात बाकीची शिकणार आणि ही एकटी फळ्याकडं पाठ करून बसणार का?"

धुरपदाबाईंची बोटं नुसती एकमेकांवर घासत होती.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. पहिलीत मी तसंही सुरुवातीला अक्षरं घेत नाही. पहिले काही आठवडे प्रत्येकानं फक्त स्वतःचं नाव ओळखायचं, लिहायचं. बाकीची मुलं पुढं सरकली तरी समृद्धीला मी तिच्या नावापाशीच थांबवीन, वर्षश्राद्ध होईपर्यंत. चित्रं, गाणी, आकडे, मातीकाम, यात तिला गुंतवून ठेवीन. धुरपदाबाईंनी विचार केला. "निस्तं नाव?"

"नुसतं नाव."

"तिच्या नावात काय वंगाळ असनार," त्या म्हणाल्या आणि उठल्या. जाताना माझ्या हातात झेंडूची एक परडी देऊन गेल्या.

हल्ली नावं ठेवणाऱ्यांचा मला एक राग आहे. पोरगं पहिलीत आणि नाव तिसरीतलं. समृद्धी, पृथ्वीराज, प्रज्ञा. आमच्या वेळी कमल, शरद अशी नावं असायची, पहिल्याच आठवड्यात लिहून होत. समृद्धीला तिचं नाव अक्षरं जोडून शिकवण्यात अर्थच नव्हता. मी ते चित्रासारखं दिलं. पाटीवर मोठं लिहिलं, तिनं त्यावर बोट फिरवलं, चिंचोके मांडले, झेंडूच्या पाकळ्या मांडल्या. दुसऱ्या पोरीला कंटाळा आला असता. ही रोज नव्यानं बसायची. "बाई, ह्याच्यापुढं काय लिहिलं की मम्मीला कळंल?" असं विचारायची, आणि मी काहीतरी दुसरंच काम काढायची.

वर्गात एक गोष्ट मला फार जड जायची. वस्तीवरच्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. घरोघरच्या आयांनी दम भरलेला होता. समृद्धी "माझी मम्मी" म्हणाली, की अख्खा वर्ग शांत व्हायचा. पहिलीचा वर्ग शांत झालेला तुम्ही पाहिला नसेल. पाखरं उडून गेल्यावर झाड होतं तसा तो होतो. एकदा पृथ्वीराजनं तोंड उघडलं, "तिची मम्मी तर..." आणि शेजारच्या प्राजक्तानं त्याला असा चिमटा काढला, की तो दिवसभर रडत होता आणि का रडतोय हे सांगत नव्हता. रस्त्यानं पांढरी गाडी भोंगा वाजवत गेली की समृद्धी खिडकीशी धावायची. बाकीची पोरं खाली माना घालून पाटीवर रेघोट्या मारत बसायची. इतक्या लहान मुलांना इतकं सांभाळायला लावणारी आपण मोठी माणसं, याची मला लाज वाटायची. तरी मीही सांभाळतच होते.

आषाढ सरता सरता तिला नाव पक्कं आलं आणि मग ते तिला जिकडं तिकडं दिसायला लागलं. गावातल्या बियाण्यांच्या दुकानावर 'समृद्धी कृषी सेवा केंद्र' अशी पाटी आहे. ती बघून आल्यावर दोन दिवस ती पोरांना सांगत होती, की गावातलं एक दुकान तिचं आहे. दुधाच्या पिशवीवर शोधलं, एसटीवर शोधलं, शाळेच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या यादीत शोधलं. मी हसत होते. मला बरं वाटत होतं, की निदान एका शब्दात तरी तिला आनंद आहे आणि त्या शब्दाला काही धोका नाही.

श्रावणातल्या एका सकाळी ती दप्तर न ठेवताच माझ्यापाशी आली. "बाई, माझं नाव मम्मीच्या वाढदिवसाच्या बोर्डवर पन हाय. खाली. मी शोधलं."

मी त्या शेडमध्ये कधी गेले नव्हते, फ्लेक्स पाहिला नव्हता. पण असल्या फ्लेक्सवर खाली काय असतं हे कुणाला माहीत नाही? तान्ह्या लेकरापासून सगळ्या घरादाराची नावं घालतात, एकाचं राहिलं तरी रुसवे होतात. छापणाऱ्यानं रीतीनं तिचंही नाव घातलं होतं. पोरगी तेव्हा खुटबावला अंगणात खेळत असेल. आणि भारतनं सांगितलं होतं, खाली नुसती नावं आहेत. त्याचंही चुकलं नव्हतं. नावं कुणी वाचतच नाही.

"बाई, माझ्या नावाच्या आधी मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलंय," समृद्धी म्हणाली. "ते काय हाय? आज्जीला येत न्हाई. तुम्ही चला."

शाळा सुटल्यावर मी गेले. ती पुढं, मी मागं. वाटेत मी सारखं मनात घोकत होते की काय सांगायचं. शेडमध्ये फुलांचा ढीग पडला होता आणि धुरपदाबाई एकट्याच निवडत बसल्या होत्या. समोर भिंतीवर प्राची. कपाळाच्या वर फ्लेक्स वेडावाकडा कापलेला. मी फोटोतली ती बाई जिवंतपणी कधी पाहिली नव्हती, पण तिनं मला ओळखलं असं मला वाटलं. म्हणजे मी कशाला आलेय ते तिला ठाऊक आहे, असं.

"ह्ये बगा," समृद्धी म्हणाली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. कु. समृद्धी. बरोबर दाखवलं होतं. मग तिचं बोट डावीकडं सरकत गेलं, बापाच्या नावावरून, आजीच्या नावावरून, ओळीच्या सुरुवातीला. तिथं ठळक अक्षरांत शब्द होता. शोकाकुल.

"सकाळी बी ह्योच धोशा लावला व्हता तिनं," धुरपदाबाई म्हणाल्या. "वाचून दावा की बाई. नावंच हायती नव्हं समदी?"

आजी आणि नात दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. दोघींनाही तो शब्द येत नव्हता आणि मला येत होता. सुखी परिवार, असं म्हणून मी सुटले असते. पण समृद्धीचं बोट त्या शब्दावर होतं. मी जे सांगेन ते ती त्या आकाराशी जन्मभरासाठी बांधून ठेवणार होती. ते मला जमेना. खरं सांगायचा अधिकारही माझा नव्हता. मी नुसती उभी राहिले.

धुरपदाबाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग फ्लेक्सच्या खालच्या ओळीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "नावाच्या आदी काय लिवलंय?" त्यांनी हळू विचारलं.

"आजी, तुम्ही बोला आता," मी म्हणाले. "माझ्याकडून नको."

वर्षश्राद्धाला अजून काही आठवडे होते. त्यांनी फोटोकडं पाहिलं, बराच वेळ. काय बोलणं झालं असेल ते त्या दोघींना ठाऊक. मग त्यांनी मांडीवरची फुलं खाली झटकली, पदराला हात पुसले आणि नातीला जवळ ओढून मांडीवर बसवलं.

"समृद्धे, तुजी मम्मी दवाखान्यात न्हाई," त्या म्हणाल्या. "ती गेली. तू खुटबावला व्हतीस तवाच गेली. ह्यो बोर्ड तिच्या वाढदिवसाचा न्हाई. ती मेल्याचा हाय. म्या तुला खोटं बोलले."

समृद्धीच्या चेहऱ्यावर गणित सोडवताना असतं तसं काहीतरी होतं. तिनं विचारलं, "मग फोनवर कोन व्हतं?"

"हर्षा मावशी."

"मावशी व्हय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाई, तिथं काय लिहिलंय?"

"शोकाकुल," मी सांगितलं. "ज्यांचं माणूस गेलं आणि ज्यांना रडू येतंय, ती ही माणसं. पप्पा, आजी, तू."

ती आजीच्या मांडीवरून उठली. फ्लेक्सपाशी गेली आणि आपल्या नावावर पुन्हा बोट ठेवलं.

"हे लिहिलं तवा मी कुठं व्हते?"

"खुटबावला," धुरपदाबाई म्हणाल्या.

"मला म्हाईत व्हतं?"

"न्हाई बाय. तुला कुनी सांगितलंच न्हाई."

"मग माझं नाव खोटं लिहिलंय," समृद्धी म्हणाली. "मी कुठं रडले?" तिनं कोपऱ्यातला विळा उचलला आणि आजीपुढं धरला. "कापून टाक."

धुरपदाबाईंनी तिच्या हातातून विळा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "इतकं दिस खोटं व्हतं. आता खरं झालं."

समृद्धी त्या ओळीसमोर तशीच उभी राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला आणि ती रडायला लागली, इतक्या मोठ्यानं, की फाट्यावरची माणसं थांबून शेडकडं पाहायला लागली. धुरपदाबाईंनी तिला गप्प केलं नाही.